आखाडात शाळा, श्रावणात सुट्टी

इंग्लंडातल्या शाळांना उन्हाळ्याची मोठी सुट्टी लागते ती जुलैच्या शेवटच्या आठवड्याच्या तोंडावर. कोल्हापुरात श्रावण लागतो तोही बहुतेक वर्षी त्याच सुमाराला. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं जाणकार सांगतात. माझा संशय मात्र जात नाही. १८४४ साली गडकऱ्यांचं बंड मोडल्यावर ज्या इंग्रजांनी पन्हाळ्याचा चार दरवाजा पाडला, त्यांना आमचा आखाड पाडायला असा कितीसा वेळ लागणार?

मी इंग्लंडातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. परदेशात राहणारे लोक दोन देशांत अडकलेले असतात, असं दिवाळी अंकांतून फार वाचायला मिळतं. शिक्षकाच्या बाबतीत हे साफ खोटं आहे. शिक्षक दोन वेळापत्रकांत अडकलेला असतो. सॉफ्टवेअरवाल्याला हुरहूर लागते, मग तो रजा टाकतो, दिवाळीला येतो, लॅपटॉप मांडीवर घेऊन फराळ करतो आणि 'तुमच्या इथलं वायफाय फारच स्लो आहे' असं सांगून परत जातो. मास्तराला हुरहूर लागली तर त्याने मुख्याध्यापकांची सुट्ट्यांची यादी बघायची आणि हुरहूर जुलैपर्यंत लांबणीवर टाकायची. तिथे मुलांची शाळा वर्षाला १९० दिवस आणि शिक्षकांची १९५. त्या १९५ दिवसांत सख्ख्या भावाचं लग्न आलं तर ते भावाने पुढे ढकलायचं असतं.

त्यामुळे माझ्या आयुष्यातून काय काय वजा झालं, त्याचा हिशेब ऐका. दिवाळी गेली, कारण ऑक्टोबरातली आठवड्याची सुट्टी आणि लक्ष्मीपूजन यांचं जमलं तरी तिकिटाचं जमत नाही. नवरात्र गेलं, त्र्यंबोलीची यात्रा गेली. चैत्रातली जोतिबाची यात्रा ईस्टरच्या आगेमागे घुटमळते आणि दर वर्षी मला चुकवून जाते. शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल गेला. हे शेवटचं दुःख वर्गात सांगायची सोय नाही. आमच्या गावात तालमींचे फुटबॉल संघ आहेत, पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम यांचा सामना असला की अर्धं गाव स्टेडियमवर आणि उरलेलं अर्धं बंदोबस्तात असतं, हे मी एकदा दहावीच्या पोरांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं ते, फुटबॉल हा शब्द मी चुकून वापरला असावा अशा नजरेने.

उरतो ऑगस्ट. म्हणजे श्रावण.

२०२५ चंच बघा. त्या सालची आषाढी अमावास्या, जिला पंचांगात दीप अमावास्या आणि पेठेत गटारी म्हणतात, ती २४ जुलैला आली. तीही गुरुवारी, म्हणजे आमच्या घरात एरवीसुद्धा चूल सोवळ्यात. त्याच दिवशी माझं विमान मुंबईला उतरलं. महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये मी रात्री आखाडात बसले आणि सकाळी श्रावणात उतरले. स्टेशनवरून घरी येईतो आईने जिवतीच्या पूजेची तयारी केली होती, श्रावणातला पहिला शुक्रवार म्हणून पुरण शिजत होतं. वर्षभर मी इंग्लंडात तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या नावाने उसासे टाकावेत आणि इथे पानात वरणभात, अळूची भाजी आणि 'किती वाळलीस गं' एवढंच पडावं, हा योग आमच्या कुंडलीत ब्रिटिश शिक्षण खात्याने लिहिला आहे.

२०२३ ची तर आठवणही नको. त्या वर्षी श्रावणच अधिक होता. १८ जुलैपासून १६ ऑगस्टपर्यंत अधिक श्रावण आणि १७ तारखेपासून निज श्रावण. सगळीच्या सगळी सुट्टी दोन श्रावणांच्या मध्ये चिरडून मेली. अधिकात पाळायचं नसतं, निजात पाळायचं, असं एक मत माझ्या मावशीने मांडून बघितलं. आईने मावशीकडे बघितलं. मत मागे घेण्यात आलं.

कुणी म्हणेल, मग हॉटेलात जाऊन खा की. कोल्हापुरात श्रावणातसुद्धा खाणावळी बंद नसतात आणि मटणाच्या ताटापुढची गर्दी जरा विरळच असते. बरोबर आहे. पण परदेशातून माहेरी आलेल्या लेकीने मटण बाहेर खाल्लं, ही बातमी पेठेत लपत नाही. त्यावर सर्वपक्षीय कृती समिती बसेल. हे मी गमतीने म्हणत नाही. २०१९ च्या अखेरीला ह्या गावाने मटणाच्या दरवाढीविरुद्ध आंदोलन केलं, बैठका घेतल्या, दुकानं बंद पाहिली, दर ठरवून घेतला. इतर शहरांत महागाईविरुद्ध मोर्चा निघतो. आम्ही मुद्द्याला नाव घेऊन हात घालतो.

तरी २०२५ साली एक फट होती. २३ ऑगस्टला श्रावण संपला, २४ ला रविवार आणि २७ ला गणपती. रविवार आणि भाद्रपदाची प्रतिपदा एकाच दिवशी म्हणजे मटणाच्या दुकानापुढे रांग कुठवर गेली असेल ते कोल्हापूरकराला सांगायला नको. मी आशेने आईकडे बघितलं. आई म्हणाली, "दोन दिवसासाठनं कशाला भांडी बाटवायची? गौरी-गणपती उठू देत, मग बघू." गौरी-गणपती उठले २ सप्टेंबरला. तोवर मी परत तिकडे जाऊन फळ्यावर तारीख घातली होती.

ऑगस्टच्या कोल्हापूरचा दुसरा दागिना म्हणजे पंचगंगा. माझं गाव मला पाण्याखेरीज दिसतच नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झाले की इशारा, ४३ झाले की धोका, हे दोन आकडे मला माझ्या पिनकोडच्या आधी आठवतात. २०१९ आणि २०२१ ह्या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ पुणे-बेंगळूरु महामार्ग दिवसचे दिवस बंद राहिला. वर्गात मी मुलांना मीटर-सेंटिमीटर शिकवते आणि जुलै उजाडला की फोनवर फूट-इंचांत जगते. घरच्या ग्रुपवर सकाळी सहाला पहिला निरोप येतो तो 'शुभ सकाळ' नसतो, 'एकेचाळीस फूट दोन इंच' असतो. खाली हात जोडल्याच्या अकरा बाहुल्या.

आता पगाराचं. कोल्हापुरात पाऊल ठेवलं की पहिल्या दहा मिनिटांत हा प्रश्न येतो, आणि तो आडून येत नाही. "तिकडं मास्तरला किती देत्यात?" लंडनबाहेर नव्या शिक्षकाचा पगार सप्टेंबर २०२५ मध्ये वर्षाला ३२,९१६ पौंडांपासून सुरू होत होता. हा आकडा तोंडातून निघाला की समोरचा माणूस, मग तो शाळेत गणितात सपशेल नापास झालेला का असेना, क्षणात एकशे सोळा-सतराने गुणून मोकळा होतो. अडतीस लाख! घरभाडं, नगरपालिकेचा कर, रेल्वेचा पास, गॅसचं बिल ह्यांना मात्र कुणी गुणत नाही. गुणाकार आपल्याकडे सगळ्यांना येतो. वजाबाकीला शिकवणी लावावी लागते.

पण हसण्यावारी न्यावं असंही हे नाही. आपल्याकडे माध्यमिक शाळेत नव्याने लागलेला शिक्षक आधी तीन वर्षं 'शिक्षण सेवक' असतो आणि २०२३ साली वाढवून दिलेलं त्याचं मानधन महिन्याला १८ हजार रुपये आहे. त्याआधी किती होतं? आठ. म्हणजे बी.एड. करायचं, अभियोग्यता चाचणी द्यायची, पवित्र पोर्टलवर नाव येण्याची वाट बघत केस पिकवायचे आणि एवढं करून नावात 'सेवक'. पोर्टलला 'पवित्र' म्हणणाऱ्या माणसाला मात्र मानलं पाहिजे. श्रद्धेशिवाय तिथे निभाव नाही, हे त्याने आधीच सांगून टाकलं.

आणि नेमक्या ह्याच वेळी इंग्लंडाने दार किलकिलं केलं. फेब्रुवारी २०२३ पासून भारतासकट आणखी काही देशांतल्या शिक्षकांना तिथल्या अधिकृत शिक्षकपदाच्या दर्जासाठी थेट अर्ज करता येतो. पण सगळ्यांना नाही. भारतातून जाणाऱ्याने अकरा ते सोळा वयाच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा परकी भाषा शिकवण्याची पात्रता मिळवलेली हवी. इतिहासवाल्यांना त्यांनी बोलावलेलं नाही. दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास आमच्याकडून शिकून घ्यायची त्यांची इच्छा नसणार, हे समजण्यासारखं आहे. गणित मात्र निरुपद्रवी. तिथले गणिताचे पदवीधर बँकांत आणि विमा कंपन्यांत जातात. शाळेत यायला कुणी तयार नाही आणि आलेला टिकत नाही. म्हणून मी.

पालक मात्र दोन्हीकडे सारखेच असतात, असं म्हणायचा मोह होतो. नसतात. इंग्लंडात पालकांची भेट म्हणजे प्रत्येकाला पाच मिनिटं, घड्याळ लावून. पाचव्या मिनिटाला पडदा पडतो, तुमचं वाक्य कुठे का असेना. माझ्या लहानपणी आमच्या शाळेत बाबा येत ते वर्षातून एकदाच आणि बोलत एकच वाक्य. हाडं आमची, मांस तुमचं. पाच सेकंद लागत. मांसाचा उल्लेख शिक्षणातसुद्धा आल्याशिवाय आमचं गाव राहत नाही. तिथे हे वाक्य कुणी उच्चारलं तर शाळेतून आधी समाजकल्याण खात्याला फोन जाईल.

आणि हजेरी! शाळा चालू असताना पोराला परवानगीवाचून सहलीला नेलं तर इंग्लंडात आईला वेगळा आणि बापाला वेगळा ८० पौंड दंड होतो. एकवीस दिवसांत भरला नाही तर १६०. जोतिबाच्या यात्रेला, मामाच्या लग्नाला, म्हशीला रेडकू झालं म्हणून आणि 'काल पाहुणे आल्ते' म्हणून शाळा बुडवणाऱ्या आमच्या जिल्ह्यात हा नियम एक वर्ष लावला, तर त्या दंडातून पंचगंगेवर आणखी दोन पूल होतील.

संपाचं तर बोलूच नका. २०२३ साली इंग्लंडातल्या शिक्षकांनी पगारवाढीसाठी संप केला. मला वाटलं, आता आपल्या माहेरचा विषय आला. कसलं काय. आधी टपालाने मतपत्रिका आली. त्यात निम्म्या सभासदांनी मतदान करायलाच हवं, नाहीतर संप बेकायदा. मग शाळांना चौदा दिवस आधी नोटीस. मग संपाच्या दिवशी शाळेच्या फाटकाबाहेर फलक धरून, रहदारीला अडथळा न आणता, गाडीवाल्यांना हात हलवत उभं राहायचं. एक जण घरून केक घेऊन आला होता. चौदा दिवसांत कोल्हापूर बंद पुकारून, पाळून, मागे घेऊन, पुन्हा पुकारून झालेला असतो. आम्ही शहरातल्या रस्त्यांवरचा टोल वर्षानुवर्षं भांडून घालवला तो काही केक खाऊन नाही.

२०२५ च्या ऑगस्टात तर मला दोन-दोन शिकवण्या मोफत मिळाल्या. जुलैच्या शेवटी नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण, आपली माधुरी, कोर्टाच्या निकालाने जामनगरच्या वनतारात नेली आणि जिल्हा पेटून उठला. नांदणीपासून कोल्हापूरपर्यंत लोक पायी चालत आले. तेवढ्याने भागेना म्हणून लोकांनी वनताराच्या मालकांच्याच मोबाईल कंपनीचं सिमकार्ड बदलायला सुरुवात केली. हत्तीसाठी मोबाईल कंपनीला कोंडीत धरायचं, हा डाव जगातल्या कुठल्याही व्यवस्थापन संस्थेत शिकवत नसतील. त्यातून सावरतोय तोवर १७ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं उद्घाटन झालं. त्या मागणीसाठी वकिलांनी कैक वर्षं आंदोलनं केली होती. म्हणजे आता कोर्टाच्या निकालाविरुद्ध मोर्चा काढायचा तरी मुंबईला जायला नको.

तर ऑगस्ट असा जातो. मधल्या आठवड्याच्या सुट्ट्या उरतात, त्यात मी युरोप बघते. हे ऐकायला फार भारी वाटतं. खरी गोष्ट अशी की त्याच आठवड्यात इंग्लंडातले सगळे शिक्षक आणि सगळी मुलं युरोप बघत असतात आणि ज्यांच्यापासून सुट्टी घेतली तेच विमानात मागच्या खुर्चीवर बसून पाठीत गुडघे मारतात.

अशाच एका सुट्टीत मी फ्लॉरेन्सला गेले. सगळे डेव्हिड बघायला रांगेत उभे होते. मी त्या रांगेत न थांबता कॅशिने नावाच्या लांबच लांब बागेच्या पार टोकाला चालत गेले. तिथे आर्नो नदीला मुन्योने नावाची छोटी नदी मिळते. त्या संगमाजवळ छत्रीखाली एका तरुणाचा अर्धपुतळा आहे, रंगवलेला, फेट्यासकट. हे आमचे छत्रपती राजाराम महाराज, म्हणजे दुसरे. वयाच्या विसाव्या वर्षी, १८७० साली, ते इंग्लंडला गेले, उन्हाळाभर तिथे हिंडले, इंग्रजीत रोजनिशी लिहीत राहिले आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. त्या ख्रिस्ती शहरात खास परवानगी घेऊन नदीच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. त्यांची रोजनिशी कॅप्टन वेस्ट ह्या बरोबरच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७२ साली छापून आणली. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. आपला न्यू पॅलेसही त्याच्याच हातचा.

शेजारून आज एक मोठा पूल जातो. त्याचं नाव 'पोन्ते आल्ल-इंदियानो', हिंदी माणसाचा पूल. फ्लॉरेन्सकर रोज त्यावरून गाड्या हाकतात. आता एक प्रश्न कोल्हापुरात विचारून बघा. राजाराम कॉलेज, राजारामपुरी, राजाराम तलाव, राजाराम बंधारा, राजाराम साखर कारखाना, ह्यांतला कुठला राजाराम कितवा? दहांतले नऊ जण 'अहो, आपले राजाराम महाराज' एवढंच सांगून पुढच्या कामाला लागतील. उरलेला एक जण पाय धुवायला नदीवर गेलेला असेल. ज्यांच्याकडे एकच राजाराम आहे त्यांनी तो जपून ठेवलाय. आमच्याकडे तीन आहेत, त्यामुळे उधळपट्टी.

इटलीशी आमचा व्यवहार तसा जुनाच. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडा कंपनीच्या फॅशन शोमधल्या पुरुषांनी जे पायात घातलं होतं ते बघून इथला चर्मकार समाज उठून बसला, कारण ती सरळसरळ कोल्हापुरी चप्पल होती आणि कोल्हापूरचं नावही कुठे नव्हतं. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली, महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांची ही वस्तू. नंतर कंपनीने प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं, माणसं कोल्हापुरात येऊन गेली. माझ्या पायात त्या दिवसांत आपल्या चप्पल लाइनमधून घेतलेली, करकर वाजणारी जोडी होती. शिक्षकखोलीतल्या एकीने खाली बघून हळूच विचारलं, "प्राडा?" मी "हो" म्हटलं. वर्षभरातलं तेवढंच एक खोटं, आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही.

आता माझ्या चुलतभावाबद्दल. तोही शिक्षक, जिल्हा परिषदेचा. त्याची बदली गगनबावड्याला. कोल्हापूरच्या शिक्षकांत परदेश गगनबावडा आणि चंदगड ह्या दोन दिशांना सुरू होतो, इंग्लंड त्यामानाने जवळ. त्याला आणि मला एकाच वेळी सुट्टी कधीच नसते. त्याची मोठी सुट्टी मेमध्ये, तेव्हा माझ्या मुलांच्या परीक्षा. माझी ऑगस्टात, तेव्हा त्याची शाळा. त्याला एकदा माझ्याकडे यायचंय. पण सरकारी शिक्षकाला परदेशी जायचं तर आधी वरची परवानगी लागते, आणि परवानगीच्या वाटेची ख्याती त्याने ऐकलेली आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली दहा लाख डॉलरचं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, त्यांनी निम्मी रक्कम इतर नऊ स्पर्धकांत वाटून टाकली. पुढे फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेला जायचं तर रजेवरून २०२२ च्या जानेवारीत एवढा गदारोळ झाला की शिक्षणमंत्र्यांना मध्ये पडावं लागलं. भाऊ म्हणतो, "जगात पहिल्या आलेल्याची ही तऱ्हा. मी तर केंद्रातसुद्धा पहिला नाही."

म्हणून १५ ऑगस्टच्या झेंडावंदनाला मीच त्याच्या शाळेत गेले. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, चार वर्ग, आणि बाहेर गगनबावड्याचा पाऊस, जो पडत नाही, राहायलाच आलेला असतो. शाल, नारळ आणि 'साहेबांच्या देशातून आलेल्या पाहुण्या' अशी ओळख झाल्यावर मला दोन शब्द बोलायला सांगितलं. माझ्या दोन शब्दांत पोरांना रस नव्हता. त्यांचे प्रश्न तयार होते. तिकडं शाळेत खिचडी देत्यात काय? म्हटलं, जेवण देतात, पहिल्या दोन-तीन वर्गांना सगळ्यांना फुकट, पुढे ज्यांची ऐपत नाही त्यांना. खिचडी नसते. अरेरे, असा एक सामुदायिक आवाज आला. तिकडं पाऊस पडल्यावर सुट्टी देत्यात? पावसाची नाही, बर्फाची देतात. ह्या उत्तराने इंग्लंडाची पत जरा वाढली.

मग मागच्या रांगेतला एक जण उठला. दात पडलेले, खिशाला झेंडा उलटा लावलेला. म्हणाला, "बाई, तुमी तिकडं गणित शिकवताय. मग तिकडं गणिताचं मास्तर न्हाईत व्हय?"

"नाहीत रे बाबा," मी म्हटलं.

भाऊ पोरांना जिलेबीचे पुडे वाटत होता. मान वर न करता म्हणाला, "हिकडं तरी कुठं हाईत? तिसरी-चौथीचं गणित जरा घे की आता. आलीच हैस तर."